परशुरामाचा बाण आणि इझुमोचा दोर

पुराणकथांचा गूढार्थ सांगण्याची हौस आपल्या सुशिक्षित समाजात गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांत फार बळावली आहे. कथा जशीच्या तशी खरी मानावयास बुद्धी धजत नाही, आणि ती टाकून द्यावयास मन घेत नाही. तेव्हा तिच्या पोटात काही शास्त्रीय सत्य दडलेले आहे असे म्हणणे सोयीचे पडते. कोकणच्या परशुरामकथेचे असेच झाले आहे. भार्गवरामाने सह्याद्रीवरून बाण सोडला, समुद्र मागे हटला आणि कोकणपट्टी उघडी पडली. या कथेत भूगर्भातील एखाद्या प्राचीन उलथापालथीची स्मृती आहे, असे रत्नागिरीकडे पुष्कळ घरांत सांगतात. हा अर्थ कितपत टिकतो, आणि टिकत नसेल तर खरा अर्थ कोठे शोधावा, याचा आम्हांस येथे विचार करावयाचा आहे. त्या कामी आम्ही जपानच्या दोन कथा शेजारी ठेवणार आहोत. समुद्रातून भूमी मिळाल्याच्या कथा त्या बेटांच्या देशातही आहेत, आणि दुसऱ्याचे घर पाहिल्यावाचून आपल्या घराची ठेवण लक्षात येत नाही.

गूढार्थ लावणे हा उद्योग मुळातच हलका आहे असे आमचे म्हणणे नाही. रत्नागिरीतच १८५६ साली जन्मलेल्या लोकमान्य टिळकांनी 'ओरायन' (१८९३) आणि 'आर्क्टिक होम इन द वेदाज' (१९०३) या ग्रंथांत वैदिक कथांमागे नक्षत्रांची स्थाने व ध्रुवप्रदेशातील दीर्घ उषा शोधल्या. त्यांचे निष्कर्ष आज सर्वमान्य नाहीत. परंतु वचनावचनास साक्षीदाराप्रमाणे उलटतपासणीस उभे करण्याची त्यांची शिस्त वाखाणण्याजोगी होती. परशुरामकथेच्या हौशी अर्थकारांनी ती पाळलेली दिसत नाही.

प्रथम भूगर्भशास्त्राचीच साक्ष घेऊ. कोकणचा व सह्याद्रीचा काळा खडक सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा आहे. त्या काळी बाणही नव्हता आणि बाण पाहणारा मनुष्यही नव्हता. मनुष्याच्या काळात घडलेली मोठी घटना तर नेमकी उलट दिशेची आहे. सुमारे वीस हजार वर्षांपूर्वी, शेवटच्या हिमयुगाच्या भरात, समुद्राची पातळी आजच्याहून सुमारे १२० मीटर खाली होती व किनारा पश्चिमेस पुष्कळ दूर होता. पुढे बर्फ वितळत गेला तसतसा समुद्र आत आला. म्हणजे लोकस्मृतीत काही राहावयाचेच होते, तर समुद्राने भूमी गिळल्याची कथा राहावयास हवी होती. किनाऱ्यावर काही ठिकाणी थोड्या उंचीवर जुन्या पुळणीच्या खुणा आढळतात हे खरे. पण तेवढ्यावरून सह्याद्रीच्या पायथ्याशी लाटा आणून सोडता येत नाहीत.

मग कथेचा उगम कोठे पाहावा? आमच्या मते कथेच्याच निरनिराळ्या पाठांत. महाभारताच्या शांतिपर्वात परशुरामाने जिंकलेली सारी पृथ्वी कश्यपास दान केली आहे. दान घेतल्यावर कश्यपाने त्यास सांगितले की, आता या भूमीवर तू राहू नयेस, दक्षिण समुद्राच्या तीरी जावेस. तेव्हा समुद्राने त्याच्यासाठी शूर्पारक देश निर्माण केला. शूर्पारक म्हणजे वसईजवळचे सोपारे. अशोकाच्या शिलालेखाचा तुकडा १८८२ साली जेथे सापडला तेच हे प्राचीन बंदर. या पाठात बाण नाही आणि युद्धही नाही. सर्वस्व देऊन बसलेल्या निराश्रितास समुद्राने आपण होऊन जागा दिली, एवढीच हकीकत आहे. कालिदासाच्या रघुवंशात, चौथ्या सर्गात, समुद्र परशुरामाच्या अस्त्राने दूर सारलेला दिसतो. जेर्सन द कुन्हा यांनी १८७७ साली मुंबईत छापून प्रसिद्ध केलेल्या सह्याद्रिखंडात तर भूमी मिळविणे व तीवर कोणी वसावे हे ठरविणे ही एकाच सूत्रात गोवली गेली. निरनिराळ्या ब्राह्मण समाजांच्या उत्पत्तीच्या हकीकती तेथे आहेत, आणि त्यांत कोणास मोठेपण तर कोणास उणेपण दिलेले आहे. मूळचे दान मागे पडले आणि जिंकणे पुढे आले. हा बदल निर्हेतुक नव्हे. दिलेल्या भूमीवर मनुष्य देणाऱ्याच्या उपकाराने राहतो. जिंकलेल्या भूमीवर तो हक्काने राहतो. केरळात हीच कथा परशूची होते व गोकर्णापासून कन्याकुमारीपर्यंत पसरते. गोव्यात बाण बाणावलीस पडतो. प्रत्येक ठिकाणी सीमा निराळी, कारण प्रत्येक ठिकाणचा दावा निराळा. ही कथा भूमीच्या जन्माची नोंद नाही. ती भूमीची सनद आहे.

जपानात हाच भेद दोन ग्रंथांत विभागलेला आढळतो. ७१२ साली ओ नो यासुमारो याने राजदरबारास सादर केलेल्या 'कोजिकी'त इझानागी व इझानामी हे देवदांपत्य आकाशातील पुलावर उभे राहून रत्नजडित भाल्याने समुद्र ढवळते. भाल्याच्या टोकावरून ठिबकलेले खारे पाणी थिजून पहिले बेट होते. पुढे सूर्यदेवतेपासून सम्राटांच्या वंशापर्यंत धागा नेऊन भिडविला आहे. ७१३ साली दरबाराने प्रांतोप्रांतीची माहिती मागविली, आणि इझुमो प्रांताची बखर ७३३ साली पुरी झाली. तीत जी कथा आहे तिला कोजिकीत स्थान नाही. ओमित्सुनू नावाच्या देवास आपला प्रांत कापडाच्या पट्टीसारखा अरुंद वाटला. त्याने समुद्रापलीकडे, कोरियातील सिल्ला देशाकडे व इतरत्र पाहिले, जेथे भूमी जास्त दिसली तेथे ती फावड्याने छेदली, दोर अडकविला आणि नाव ओढावी तशी हळूहळू ओढून आणून आपल्या किनाऱ्यास जोडली. दोर बांधलेल्या खुंटांचे डोंगर झाले आणि दोराची लांब पुळण झाली.

भाला राजाच्या हाती शोभतो. फावडे, दोर व खुंट ही कोळ्याकुणब्याची साधने. इझुमोची बखर तेथील वंशपरंपरागत अधिपतीच्या देखरेखीखाली लिहिली गेली, तेव्हा तीही निर्हेतुक आहे असे समजण्याचे कारण नाही. तिच्यातही 'ही भूमी आमच्या देवाने आणली' हा दावा आहेच. परंतु त्या दाव्यास कष्टाचा वास आहे. ज्याने ओढली त्याची भूमी, हा तिचा न्याय होय.

आता आपल्याकडे वळून हाच प्रश्न विचारू: कोकणात दोर कोणी ओढला? वाशिष्ठी, शास्त्री, काजळी या नद्यांच्या खाड्यांवर मातीदगडांचे बांध घालून भरतीचे पाणी ज्यांनी बाहेर ठेविले, पावसाने खार धुऊन निघेपर्यंत धीर धरला आणि मग त्या जमिनीत भात पिकविले, त्यांनीच समुद्र खरोखर हटविला. बांध फुटला की समुद्र परत आत. म्हणजे त्यांस हा बाण वारंवार सोडावा लागे. या खारजमिनींसाठी मुंबई सरकारने १९४८ साली स्वतंत्र कायदा केला. पुराणाने मात्र त्यांच्यासाठी एक अध्यायही खर्चिलेला नाही. त्यांच्या वाट्यास आल्या त्या गावदेवीच्या कथा: गाय एका दगडावर पान्हा सोडते, कोयत्याचा घाव लागून शिळेतून रक्त येते, आणि ज्या गुराख्यास वा कुणब्यास देव सापडला त्याच्या घराण्यास उत्सवात पहिला मान मिळतो. याही सनदाच, फक्त लहान. भूमीच्या नव्हेत, मानाच्या.

भूमी कोणाची हा वाद कोकणात कथेपुरता कधीच नव्हता. खोतीसाठी १८८० साली कायदा झाला, १९३७ साली डॉ. आंबेडकरांनी ती नष्ट करण्याचे विधेयक मुंबईच्या विधिमंडळात मांडले, आणि १९४९ च्या कायद्याने ती संपली. खोतांत ब्राह्मण, मराठे, मुसलमान सर्व होते. खोती परशुरामकथेवर उभी होती असे आम्ही म्हणत नाही. आमचे म्हणणे इतकेच की, ज्या प्रदेशात कसणारा एक व हक्कदार दुसरा अशी रीत पिढ्यान्‌पिढ्या चालली, तेथे भूमी एका बाणाने मिळाल्याची कथा थोर ठरावी आणि बांध घालणाऱ्यांची कथाच नसावी, हे सहज घडलेले नाही.

म्हणून भूगर्भशास्त्राचे प्रशस्तिपत्र या कथेस मिळवून देण्याची खटपट आम्हांस निरुपयोगीच नव्हे, तर अपायकारक वाटते. तीमुळे सनद निसर्गनियमाच्या आड लपते, आणि दावा कोणाचा हे विचारण्याचे कारणच उरत नाही. चिपळूणजवळच्या परशुराम क्षेत्री जाणाऱ्या भाविकाची श्रद्धा या चिकित्सेने उणावेल अशी भीती कोणी बाळगू नये. सारी पृथ्वी देऊन टाकल्यावर उभे राहावयास जागा नसलेला महाभारतातील परशुराम आम्हांस बाण सोडणाऱ्या परशुरामाहून अधिक पूज्य वाटतो. घरातील मुलांस कथा सांगावयाची तर हा जुना पाठ आधी सांगावा. आणि मग त्यांस एकदा खाडीवर नेऊन खारजमिनीचा बांध दाखवावा.