दांडीवरचा कुत्रा

दायमाबादच्या कांस्यरथात मला सगळ्यात आधी भावतो तो कुत्रा. शिल्प जेमतेम ४५ सेंटिमीटर लांबीचं. एका टोकाला बैलजोडी, दुसऱ्या टोकाला १६ सेंटिमीटरचा उभा माणूस आणि मधल्या लांबलचक दांडीवर हे चिमुकलं जनावर पाय रोवून उभं. बैल ओढतात, माणूस हाकतो. कुत्रा नुसताच सोबत आहे. तो गाळला असता तर रथाचं काहीच अडलं नसतं. ओतकाऱ्यानं तो गाळला नाही. ज्यानं कधी गाडीमागून चालणारं कुत्रं पाहिलंय, त्यालाच हे सुचावं.

१९७४ साली श्रीरामपूर तालुक्यात, प्रवरेकाठच्या दायमाबादला, एक भिल्ल शेतकरी झुडपाचं मूळ खणत होता. तिथे हा रथ निघाला आणि त्याच्यासोबत हत्ती, गेंडा आणि रेडा. चौघांचं वजन मिळून साठ किलोंहून जास्त, काम सगळं भरीव. पोकळ ओतून धातू वाचवण्याची काटकसर इथे नाही.

आता चाकं पाहा. आरे नाहीत, नुसत्या भरीव चकत्या. रथ म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे कुरुक्षेत्र येतं, चार पांढरे घोडे येतात, ध्वज येतो. ते चित्र जरा बाजूला ठेवलं नाही तर हे शिल्प कळायचंच नाही. लढाईचा वेगवान रथ जन्मला तो आऱ्यांच्या चाकामुळे. तुंबा, आरे आणि वाटोळी कड एवढंच ठेवून मधलं लाकूड काढून टाकलं की चाक हलकं होतं, मग घोड्याला दौडता येतं. अशा रथांच्या जुन्या खुणा उरल पर्वताजवळच्या सिंताश्ता संस्कृतीच्या दफनांत सापडतात, साधारण इ.स.पू. २०००च्या. त्याआधीच्या सुमेरमध्ये, उरच्या प्रसिद्ध फलकावर, रणगाडे आहेत. पण चार भरीव चाकांचे, गाढवाच्या जातीच्या जनावरांनी ओढलेले. इ.स.पू. १२७४च्या सुमारास कादेशला इजिप्शियन आणि हित्ती भिडले तेव्हा मात्र रथ हेच सैन्याचं मुख्य हत्यार होतं. तुतनखामेनच्या थडग्यात सहा रथ सुटे करून ठेवलेले निघाले.

दायमाबादच्या माणसाला यातलं काही नको आहे. तो नग्न, ताठ, निवांत. बैल मुद्दाम ताणून लांबट केलेले. काही अभ्यासकांना या माणसात पशुपती दिसतो. दिसो बापडा, मला तो आधी गाडीवान दिसतो.

याच्या उलट टोकाला भाज्याच्या विहारातलं शिल्प, इ.स.पू. दुसऱ्या-पहिल्या शतकातलं. चार घोड्यांचा रथ, बहुतेकांच्या मते सूर्याचा. सोबत दोन स्त्रिया, एकीकडे छत्र, दुसरीकडे चवरी, आणि खाली चिरडला जाणारा बेढब राक्षस. दगडात वेग कसा दाखवावा, हे तिथे शिकावं. तरी त्या रथात बसावंसं मला वाटत नाही. तिथे सगळं काही कुणाला तरी दाखवण्यासाठी आहे.

मी राहतो तिथे, गोखिवऱ्यात, रथ चालायचाच नाही. मागे तुंगारेश्वराचा डोंगर, पुढे मिठागरं आणि खाड्या, चार महिने चिखल. हाकेच्या अंतरावरचं सोपारं हे एके काळचं मोठं बंदर. घाटावरचा माल नाणेघाटासारख्या वाटांनी या किनाऱ्याकडे उतरायचा. असल्या चढणीवर चाक निकामी, तिथे ओझं पाठीवर घेणारं जनावरच लागतं. रथाला सपाट, कोरडी जमीन हवी. इ.स.पू. ३२६ मध्ये झेलमच्या काठी पोरसाच्या लोकांचे रथ पावसाच्या चिखलात रुतले आणि अलेक्झांडरचं काम सोपं झालं, असं ग्रीक इतिहासकार सांगतात. आमच्या भागात जून महिन्यात त्यांना हे सांगावंही लागलं नसतं. प्रवरेचं खोरं त्या मानानं सपाट, बैलगाडीला सोयीचं.

दायमाबादच्या या कांस्यांच्या वयावर वाद आहे. उत्तर हडप्पा काळातली, म्हणजे इ.स.पू. २०००च्या पुढची-मागची, असं पुरातत्त्वज्ञ एम. के. ढवळीकर मानत. पुरातत्त्वाचेच अभ्यासक डी. पी. अग्रवाल यांनी धातूतल्या आर्सेनिकच्या प्रमाणावर बोट ठेवून शंका घेतली. शंका रास्त आहे, कारण वस्तू उत्खननात थरातून निघालेल्या नाहीत. पण रसिकाला त्यामुळे फार अडायचं कारण नाही.

बाकी तीन प्राणीही सुरेख आहेत. रेड्याचं वजन त्याच्या बसक्या अंगात नेमकं उतरलंय. हत्तीची चाकं हरवली आहेत, तरी बैठकीखालची आसाची भोकं तशीच. पण ते तिघे चाकांवर चढवलेले आहेत, त्यांना कुणी तरी ओढायचं. रथातली जोडी मात्र स्वतः ओढते आहे, आणि त्या ताणाची सगळी लांबी दांडीत आहे. माणूस आणि बैल यांच्यात ओतकाऱ्यानं एवढी मोकळी जागा सोडली, म्हणून तर कुत्र्याला उभं राहायला मिळालं.