जाळीची समीक्षा

आमच्या भाच्याने इंग्लंडात कालव्यावरच्या ६ फूट १० इंच रुंद बोटीत बिऱ्हाड थाटले आणि खिडक्यांना घरीच जाळ्या केल्या. समीक्षक म्हणून मला बोलावले. (म्हणजे मीच गेलो.)

पहिली आवृत्ती चुंबकी पट्टीची. बोट पोलादाची, तेव्हा चुंबक चिकटणारच! पण खिडकीची चौकट निघाली ॲल्युमिनियमची आणि भिंत आतून लाकडाची. जाळी थेट माझ्या चहात.

दुसरी वेल्क्रोची, जुन्या पडद्याच्या नेटची. शिवण सरळ, खर्च नगण्य. भोके मात्र मिलिमीटरहून मोठी. डास अडतात, चिलटे रांगेने आत येतात.

"मामा, जाळी फार बारीक घेतली तर वाराच येत नाही हो!"

युक्तिवाद मला पटला. रात्री दोन वाजता खाजवताना पटेनासा झाला.