बलश्रीचा दावा आणि पडीक राहिलेलं शेत

आपल्यापैकी बहुतेकांनी सातवाहनांचा उदय एका वाक्यात संपवलेला असतो. गौतमीपुत्र सातकर्णीने नहपानाचा पराभव केला, शक-यवन-पल्हवांचा नाश केला आणि त्याच्या घोड्यांनी तीन समुद्रांचं पाणी प्यायलं. झालं, पुढचा धडा. मी मटेरियल सायन्सची, इतिहास हा काही माझा विषय नव्हे. पण चार-पाच वर्षं पेपर वाचण्यात गेली की सवय लागते. कुठलंही ठाम वाक्य दिसलं की पहिला प्रश्न येतो, हे सांगतंय कोण?

सांगतेय आई. नाशिकच्या पांडवलेण्यांतल्या तिसऱ्या लेण्यात गौतमी बलश्रीचा प्राकृत शिलालेख आहे. निमित्त आहे भिक्षुसंघाला दिलेल्या लेण्याचं, आणि काळ आहे नातू वासिष्ठीपुत्र पुळुमावीच्या कारकिर्दीचं १९वं वर्ष. बहुतेक अभ्यासकांच्या मते तेव्हा गौतमीपुत्र हयात नव्हता. लेखात मुलाच्या राज्याची यादी येते: असिक, अश्मक, मूळक, सुराष्ट्र, कुकुर, अपरान्त, अनूप, विदर्भ, आकरावंती. क्षहरातांचा वंश त्याने निःशेष केला, असंही म्हटलंय. आपल्या भाषेत सांगायचं तर हा नुसता अ‍ॅब्स्ट्रॅक्ट आहे. मेथड्सचं पान नाही, आणि लेखिकेचा या निष्कर्षात जीव गुंतलेला आहे.

म्हणून तो खोटा ठरतो का? नाही. इथेच नवखे संशोधक घाई करतात (मीही केली होती). पक्षपाती साक्ष फेकून द्यायची नसते, तिच्याशी संबंध नसलेला दुसरा पुरावा शोधायचा असतो.

तो १९०६ साली नाशिक जिल्ह्यात जोगळटेंभी इथे सापडला. नहपानाची १३,००० हून अधिक चांदीची नाणी, आणि त्यातल्या ९,००० हून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्राचा ठसा पुन्हा मारलेला. नहपानाचा चेहरा, ग्रीक अक्षरं आणि वरून सातवाहनांचं चैत्याचं आणि उज्जैनी चिन्ह. मला हा पुरावा फार आवडतो. कुठला ठसा आधीचा आणि कुठला नंतरचा, हे कुणाच्या शब्दावर विसंबून ठरवावं लागत नाही. वरचा तो नंतरचा. शिवाय नाणी गोळा करून, वितळवून, नव्याने पाडत बसण्यापेक्षा आहे त्याच चांदीवर आपला शिक्का मारणं सोपं. नव्या राजाला घाई होती किंवा काटकसर करायची होती, एवढं तरी दिसतं. जवळपास एक तृतीयांश नाणी तशीच राहिली, म्हणजे जुना चेहराही लगेच बाद झालेला नसावा.

आता जरा सावध. ‘१३,००० नाण्यांचा पुरावा’ असं कुणी म्हणालं की मला माझा पहिला पेपर आठवतो. एकाच पेलेटवर ४० ठिकाणी हार्डनेस मोजला आणि थाटात लिहून टाकलं, सॅम्पल ४०. रिव्ह्यूअरने एका ओळीत परत पाठवलं: तुमच्याकडे सॅम्पल एकच आहे. लाज वाटली, पण बरोबर होतं. जोगळटेंभीचंही तेच. नाणी हजारो असली तरी साठा एक, जागा एक. नहपानाची चांदी गौतमीपुत्राच्या हाती आली, हे त्यातून पक्कं होतं. सुराष्ट्र किंवा आकरावंती त्याच्या ताब्यात होती का, यावर तो साठा काहीच बोलत नाही.

त्यावर बोलतो जुनागढचा खडक. शक ७२, म्हणजे इ.स. १५० चा रुद्रदामनाचा संस्कृत लेख. त्याच्या प्रदेशांच्या यादीत आकरावंती, अनूप, सुराष्ट्र, कुकुर, अपरान्त आहेत. बलश्रीच्या यादीतले पाच! हीसुद्धा प्रशस्तीच, तेव्हा तिलाही तोच नियम लावायचा. दक्षिणापथाच्या सातकर्णीला दोनदा हरवलं, पण जवळचं नातं म्हणून उखडून टाकलं नाही, असं रुद्रदामन सांगतो. ‘नातं होतं म्हणून सोडलं’ हे ऐकायला सबबीसारखं वाटतं, पण कान्हेरीच्या एका लेखात वासिष्ठीपुत्र सातकर्णीची राणी महाक्षत्रपाची मुलगी असल्याचं येतं. म्हणजे नात्यापुरता तरी आधार आहे. याद्या मात्र दोन्हीकडच्या जपूनच वाचाव्या लागतात. जिंकलेला प्रदेश आणि टिकवलेला प्रदेश यांत त्या फरक करत नाहीत.

तो फरक दिसतो बलश्रीच्याच लेण्यातल्या दोन छोट्या सरकारी हुकुमांत, ज्यांच्याकडे आपण ढुंकूनही बघत नाही. पहिला गौतमीपुत्राच्या १८व्या वर्षाचा, विजयी सैन्याच्या छावणीतून गोवर्धनच्या अमात्य विष्णुपालिताला पाठवलेला. उषवदाताकडे असलेली २०० निवर्तनं जमीन भिक्षूंना द्या. उषवदात म्हणजे नहपानाचा जावई. सत्ताबदल इतका कोरडा, इतका कारकुनी भाषेत लिहिलेला मी दुसरीकडे वाचलेला नाही. माझ्या मते उदयाचा सगळ्यात भक्कम पुरावा हाच, कारण हे लिहिताना कुणाला कुणावर छाप पाडायची नव्हती. जमिनीचा ताबा बदलायचा होता, बस.

दुसरा हुकूम २४व्या वर्षाचा, अमात्य श्यामकाला. यात राजाबरोबर राजमाताही आहे. पूर्वी दिलेलं शेत कसलं जात नाही, गावात वस्ती नाही, तेव्हा त्याऐवजी नगराच्या सीमेवरच्या राजाच्या जमिनीतली १०० निवर्तनं द्या.

सहा वर्षांत काय झालं असेल त्या गावात? युद्धाने माणसं पांगली, की जुन्या धन्याबरोबर कसणारेही गेले? लेख तेवढं सांगत नाही. पण नंतर ज्या आईने तीन समुद्रांची गोष्ट कोरवून घेतली, तिला या ओसाड गावाची खबर होती. हुकूम तिच्याही नावाने निघाला होता.