उताऱ्याची ओळ

हेज फंडाच्या मुलाखतीत उमेदवारापुढे एका कंपनीचा वार्षिक अहवाल आणि कोरी एक्सेल शीट ठेवतात. दोन-चार तासांत नफा-तोटा, ताळेबंद आणि रोकडप्रवाह एकमेकांत गुंतवायचे, पुढल्या वर्षांचे अंदाज बांधायचे आणि शेवटी सांगायचे, शेअर घ्यावा की विकावा. हालसिद्धनाथ कारखान्याकडे उसाचे ट्रॅक्टर जाताना पाहत निपाणीत वाढलेल्या मुलाने सरावासाठी अमेरिकी कंपन्या कशाला धुंडाळाव्यात? साखर कारखान्याइतके रसाळ मॉडेल मला तरी दुसरे दिसत नाही.

समजा, रोज 5,000 टनांचा कारखाना 150 दिवस चालला. गाळप साडेसात लाख टन. उतारा 11 टक्के, म्हणजे साखर 82,500 टन. इथवर कुणीही पोचतो. आता उतारा अर्ध्या टक्क्याने घसरवा. 3,750 टन साखर गेली. किलोला 35 रुपये धरले तर 13 कोटींवर पाणी. मग उसाचे बिलही उतरेल की! एफआरपी, म्हणजे केंद्राने ठरवलेला उसाचा किमान दर, उताऱ्याशीच बांधलेली असते: 2024-25 साठी 10.25 टक्के उताऱ्याला क्विंटलमागे 340 रुपये, वरच्या दर 0.1 टक्क्याला 3.32 रुपये. बिल उतरते खरे, साडेबारा कोटींच्या आसपास, पण पुढल्या हंगामात. कारण दर ठरतो गेल्या हंगामाच्या उताऱ्यावर. म्हणून विक्रीचे सूत्र चालू वर्षाच्या रकान्यातला उतारा उचलते आणि उसाचे सूत्र त्याच्या डावीकडच्या रकान्यातला. ते एक घराचे सरकणे शीटमध्ये दिसले की माणसाला धंदा कळलाय हे कळते, आणि पुढची पाने मी निवांत वाचतो.

ताळेबंद जुळल्यावर हिरवी होणारी ओळ सगळेच टाकतात. तिचे मला फारसे कौतुक नाही; ओढूनताणून जुळवलेला ताळेबंदही हिरवाच दिसतो.

व्याजाची ओळ मात्र थांबून वाचावी. 1966 च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे उसाचे पैसे 14 दिवसांत द्यायचे, आणि साखर मात्र केंद्राच्या मासिक कोट्याप्रमाणे वर्षभर विकायची. साहजिकच हंगाम आटोपत आलेला असताना, 31 मार्चला, गोदाम भरलेले आणि बँकेची उचल शिगेला. दोन मार्चअखेरींची सरासरी काढून व्याज लावणारा उमेदवार भलतेच जास्त व्याज दाखवतो. सप्टेंबरातले बरेचसे रिकामे झालेले गोदाम त्याच्या हिशेबात येतच नाही. तिमाहीचे रकाने पाडणारा मला प्यारा.

सरावाला कंपनीही घरचीच आहे. सौंदत्ती तालुक्यातल्या मुनवळ्ळीच्या कारखान्यातून वाढलेली बेळगावची श्री रेणुका शुगर्स 2005 मध्ये शेअर बाजारात आली आणि 2010 मध्ये तिने ब्राझीलमधले कारखाने घेतले. त्या वर्षाच्या आरंभी न्यूयॉर्कच्या बाजारात कच्ची साखर पौंडाला 30 सेंटच्या आसपास होती. ऑगस्ट 2015 मध्ये 11 च्याही खाली. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात ब्राझीलच्या उपकंपनीने न्यायालयाचे संरक्षण मागितले, आणि 2018 मध्ये कंपनीची सूत्रे सिंगापूरच्या विल्मारकडे गेली. हे सगळे माहीत असूनही 2010 चा अहवाल उघडावा, पुढचे काही ठाऊक नसल्यासारखे मॉडेल बांधावे आणि मग भावाच्या घरात 30 च्या जागी 11 टाइप करावे. व्याज कमाईच्या वर नेमके कोणत्या वर्षी जाते, ते परीक्षक विचारणारच.