चार्ली हेडनचा बास घरी ऐकताना

मागच्या व्याख्यानानंतर शेवटच्या रांगेतून एक प्रश्न आला होता. 'जॅझमधला बास ऐकू येतो हो, पण तो ऐकायचा म्हणजे नेमकं काय ऐकायचं?' वेळ संपली होती, उत्तर राहून गेलं. आज तेवढ्या एका प्रश्नासाठी बसलो आहोत, आणि उत्तर एकाच माणसाच्या आधारानं शोधायचं आहे. तो माणूस म्हणजे चार्ली हेडन.

आधी आमची फजिती सांगतो. आम्ही पाच-सहा जण रविवारी सकाळी एका मित्राच्या घरी जमतो आणि रेकॉर्ड ऐकतो. त्याचा हॉल दहा बाय बाराचा. बास ऐकायचा तर घरात बास पाहिजे, असा सरळ हिशेब करून आम्ही वर्गणी काढली, एक सबवूफर आणला, कोपऱ्यात ठेवला आणि हेडन लावला. दोन मिनिटांत शोकेसमधले कप वाजायला लागले. सगळे खूश. दहाव्या मिनिटाला खालच्या मजल्यावरच्या काकू वर आल्या. रागावल्या वगैरे नव्हत्या. त्यांनी एवढंच विचारलं, 'काय रे, वर गिरणी घातलीत का?' (हशा.)

हसताय, पण काकूंची समीक्षा आमच्यापेक्षा अचूक होती. ती गिरणीच होती. घरघर भरपूर, सूर नाही. हेडन कुठल्या स्वरावर उभा आहे, तिथून कुठे जातोय, कधी थांबतोय, यातलं काहीही आम्हाला सांगता आलं नसतं. आम्ही बास विकत घेतला होता आणि बासवादक हरवून बसलो होतो.

असं का होतं हे थोडं समजून घेऊ, कारण त्यावर पुढचं सगळं अवलंबून आहे. डबल बासच्या चार तारा खालून वर ई, ए, डी, जी. सगळ्यात खालची मोकळी ई वाजली की सेकंदाला साधारण 41 कंपनं होतात, ए म्हणजे 55. आता 55 कंपनांची ध्वनिलहर सहा मीटरच्या वर लांब असते. तिची अर्धी लांबी जवळजवळ दहा फूट. म्हणजे आपल्याकडच्या खोलीची रुंदी! दहा फुटांवर समोरासमोर दोन भिंती असल्या की ही लहर त्यांच्यामध्ये अडकते. भिंतीशी ती फुगते आणि बरोबर मधोमध जवळपास नाहीशी होते. तेव्हा भिंतीला टेकलेल्या सोफ्यावर बसलेल्याला तो ए स्वर घुमताना ऐकू येतो, आणि खोलीच्या मध्यावर खुर्ची टाकलेल्याला वाटतं, हेडननं तो स्वर वाजवलाच नाही. दोघेही एकच रेकॉर्ड ऐकतायत. बारा फुटांच्या दिशेला हाच प्रकार ईच्या जरा वर, एफ शार्पच्या आसपास होतो. सबवूफर कोपऱ्यात ठेवला की दोन्ही दिशांना जोर मिळतो. आम्ही नेमकं तेच केलं होतं.

म्हणून पहिल्यांदा सबवूफर बंद केला. नुसते लहान बुकशेल्फ स्पीकर राहिले, जे खालच्या ईपर्यंत धडपणे पोचतही नाहीत. आणि गंमत बघा, सूर ऐकू यायला लागला. तंबोरा लावणाऱ्यांना हे नवीन नाही. खर्जाची तार चांगली लागली की तिच्यातून स्वयंभू गंधार ऐकू येतो, कारण एका तारेत तिचे वरचे स्वरांशही वाजत असतात. कान याच्या उलटंही करतो. वरचे स्वरांश ऐकू आले की तळाचा स्वर स्पीकरनं पुरता दिला नाही तरी कान तो भरून काढतो. वजन कमी पडतं, हे खरं. पण सूर ओळखता येतो. आणि आमचं म्हणणं असं आहे की हेडन ऐकायचा तर वजनाआधी सूर हवा, आणि तो सूर कुठे संपतो हे कळायला हवं.

आता या माणसाकडे येऊ. जन्म 1937 सालचा, अमेरिकेतल्या आयोवा राज्यातल्या शेनन्डोआ गावचा. घरातले सगळे मिळून रेडिओवर कंट्री संगीताचा कार्यक्रम करत. हा दोन वर्षांचाही नव्हता तेव्हापासून त्यात गायला लागला. म्हणजे हेडन लोकांच्या घरी पहिल्यांदा पोचला तो रेडिओच्या स्पीकरमधून आणि गळ्यानं. पंधराव्या वर्षी पोलिओ झाला, त्यानं गळा धरला आणि गाणं सुटलं. मग बास. चरित्रातल्या एका घटनेवरून अख्खी शैली सिद्ध करायची टीकाकारांना खोड असते, आम्हालाही आहे, पण इथे मोह आवरत नाही. हेडनचा बास गातो, आणि साधं गाणं गातो. तो चपळ नाही. त्याच्यापेक्षा वेगानं बोटं चालवणारे बासवादक त्याच्याच पिढीत होते.

त्यांतला एक तर त्याच्या शेजारीच उभा आहे. 21 डिसेंबर 1960 रोजी न्यूयॉर्कमध्ये ऑर्नेट कोलमननं 'फ्री जॅझ' ध्वनिमुद्रित केलं. एकाच दमात वाजवलेली सुमारे सदतीस मिनिटं, आणि एकाच वेळी दोन चौकड्या. डाव्या स्पीकरमधून कोलमन, डॉन चेरी, स्कॉट लफारो आणि बिली हिगिन्स. उजव्यातून फ्रेडी हबर्ड, एरिक डॉल्फी, चार्ली हेडन आणि एड ब्लॅकवेल. म्हणजे डावीकडे एक बास, उजवीकडे दुसरा. घरी बसून ऐकणाऱ्याला यासारखी दुसरी शाळा नाही. अॅम्पला बॅलन्सचं बटण असेल तर ते आधी पूर्ण डावीकडे फिरवा. लफारो वरच्या पट्टीत धावतोय, प्रश्न विचारतोय, मध्येच गिटारसारखा वाटतोय. मग पूर्ण उजवीकडे. हेडन खाली आहे. चार-पाच स्वर, जाड, जमिनीला धरून. मग बटण मधोमध आणा. आत्ता कळतं की लफारोला धावायला अंगण कोण देतंय.

लफारो पुढे सहा-सात महिन्यांतच, जुलै 1961 मध्ये मोटार अपघातात गेला. वय पंचवीस. बासला स्वतंत्र, बोलका आवाज त्यानं दिला हे सगळेच मान्य करतात आणि ते बरोबरच आहे. पण त्या मोठेपणाच्या मापानं हेडनला मोजून त्याला 'मर्यादित तंत्राचा' म्हणणारे लोक भेटतात, त्यांच्याशी आमचं भांडण आहे. त्यांनी बहुतेक वेळा सबवूफर लावलेला असतो असा आमचा संशय आहे. (हशा.) घुमणाऱ्या खोलीत चपळ बासवादक वाचतो, कारण तो वरच्या पट्टीत असतो. बुडतो तो हेडन.

थोडं मागे, 1959 मध्ये जाऊ. 'द शेप ऑफ जॅझ टू कम' या तबकडीतलं पहिलंच 'लोनली वुमन'. (इथे सुरुवातीचा भाग ऐकवला.) ऐकलंत? हिगिन्सची झांज घाईत आहे. वरची धून, कोलमनची आणि चेरीची, विलापासारखी, हळू. या दोघांचं वेळेचं गणित जुळत नाही. आणि मध्ये हेडन, दोन तारा एकदम छेडत, जवळपास तंबोऱ्यासारखा, पण पूर्ण स्थिर नाही. तो घाईलाही नाकारत नाही आणि विलापालाही. कोलमनच्या संगीतात ठरलेली स्वरसंगतींची चाकोरी नसे. मग बासवादकानं वाजवायचं काय? प्रत्येक स्वर हा निर्णय होतो. पुढचा स्वर कुठला, हे आधी कुणी लिहून ठेवलेलं नाही. सूर ऐकू आल्याशिवाय हा निर्णय ऐकू येत नाही, आणि निर्णय ऐकू आला नाही तर उरते पार्श्वभूमीची घरघर. मागच्या प्रश्नाचं आमचं उत्तर हेच आहे.

आता स्वर संपण्याबद्दल. हेडनच्या वरच्या दोन तारा आतड्याच्या, म्हणजे तातीच्या असत. पोलादी तार छेडली की स्वर बराच वेळ तरंगत राहतो. तातीचा स्वर आधी लाकडावर पडल्यासारखा वाजतो, पसरतो आणि लवकर विझतो. सत्तरच्या दशकातल्या कितीतरी रेकॉर्डवर बास थेट तारेनं यंत्रात घेतलेला आहे, तो रबरासारखा ताणलेला ऐकू येतो. हेडनच्या चांगल्या रेकॉर्डवर मात्र बोट, तात आणि लाकूड अशा तीन गोष्टी वेगळ्या कळतात, आणि दोन स्वरांमधली मोकळी जागाही. ही जागा घुमणाऱ्या खोलीत सगळ्यात आधी मरते.

आवाज किती ठेवायचा, याचं उत्तर त्याच्याच आयुष्यात आहे. त्याच्या कानात सतत आवाज होत राहायचा आणि मोठा आवाज त्याला सोसत नसे. त्यामुळे मंचावर ड्रम आणि त्याच्यामध्ये पारदर्शक पडदे लावावे लागत. इतक्या नाजूक कानांच्या माणसाचं वादन कप वाजेपर्यंत मोठ्यानं लावणं हा निव्वळ आडदांडपणा, आणि तो आम्ही केलेला आहे. आता आम्ही आवाज इतकाच ठेवतो की शेजारचा माणूस बोलला तर ऐकू यावं. मात्र तो बोलत नाही.

इथे एक आक्षेप येतो आणि तो आमच्यातल्याच एकानं घेतला. तो म्हणाला, हळू आवाज, छोटा हॉल, हातात चहा, समोर 'जॅस्मिन'. म्हणजे शेवटी तुम्ही याला जेवणानंतरची सुपारी करून टाकलंत. आक्षेप टाळता येत नाही. 'जॅस्मिन' हे कीथ जॅरेटबरोबरचं वादन, 2007 मध्ये जॅरेटच्या घरच्या स्टुडिओत केलेलं, 2010 मध्ये प्रसिद्ध झालेलं. दोघं तीसेक वर्षांनी एकत्र बसलेले. प्रेमगीतं, संथ लय, कोरडा, जवळचा आवाज. लहान स्पीकरवर ते फार सुंदर लागतं, आणि तिथेच धोका आहे. सुंदर लागलं की लक्ष सुटतं. पॅट मेथेनीबरोबरच्या 'बियॉन्ड द मिसूरी स्काय'बद्दल तर आमचं मत असं की त्यातल्या काही जागा आपणहूनच गोडाकडे झुकतात, दोष सगळा ऐकणाऱ्याचा नाही. हँक जोन्सबरोबरचं 'स्टील अवे' मात्र पाहा. नीग्रो स्पिरिच्युअल्स, लोकगीतं, चर्चमधली भजनं. त्यात 'अबाइड विथ मी' आहे, जे आपल्याकडे दिल्लीच्या बीटिंग रिट्रीटमध्ये कित्येक वर्षं वाजत असे. धून माहितीची, लयही सोपी. पण हेडन पियानोच्या खालून जे मोजके स्वर देतो त्यांत कुठेही गहिवर नाही. तो फक्त टेकू देतो.

आणि हा मनुष्य सुखासीन नव्हता. 1971 मध्ये पोर्तुगालमध्ये त्यानं मंचावरून 'साँग फॉर चे' हे गीत मोझांबिक आणि अंगोलातल्या स्वातंत्र्यलढ्यांना अर्पण केलं. तेव्हा तिथे हुकूमशाही होती आणि या दोन्ही तिच्या वसाहती. दुसऱ्या दिवशी त्याला पकडलं, चौकशी केली. 1976 च्या 'क्लोजनेस' या तबकडीत चार वादकांबरोबर चार युगलवादनं आहेत. एक पॉल मोशनच्या ड्रमबरोबर, नाव 'फॉर अ फ्री पोर्तुगाल'. आणि त्याच तबकडीवर अॅलिस कोल्ट्रेनबरोबर 'फॉर तुरिया'. तुरिया म्हणजे आपली तुरीया, चौथी अवस्था. अॅलिसबाईंनी ते नाव स्वतःसाठी घेतलं होतं, आणि हेडननं ही रचना त्यांच्यासाठी केली. त्या हार्प वाजवतात. पोर्तुगाल आणि तुरिया एकाच तबकडीवर, बास तोच, हात तोच. आक्षेप घेणाऱ्या मित्राला आम्ही उत्तर दिलं नाही, ही तबकडी सलग लावली. त्याचा चहा गार झाला.

आज इथे 'फॉर तुरिया' पूर्ण ऐकू. हार्पच्या तारा खोलीभर पसरतील, कान तिकडे ओढला जाईल. तो तसाच जाऊ द्या, फक्त अधूनमधून खाली या आणि हेडन कुठला स्वर सोडून देतोय तेवढं बघा. आवाज थोडा कमी ठेवतोय. मागच्या भिंतीला टेकून बसलेल्यांनी खुर्च्या हातभर पुढे घ्या, आणि मधल्या वाटेवर कुणी बसू नका, तिथे ए स्वर मिळायचा नाही.