एका दिवसात सगळं

सांगलीच्या माणसाला टीकाकार व्हायला वेगळं शिक्षण घ्यावं लागत नाही. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली इथं ‘सीता स्वयंवर’ उभं केलं आणि गाव नाट्यपंढरी झालं. आता पंढरी म्हटली की पुजारी थोडे आणि वारकरी फार, हे आलंच. इथला पानवालासुद्धा पानाला चुना लावता लावता दुसऱ्या अंकातला लांबलेला प्रवेश छाटून देतो. गाण्याचं म्हणाल तर शेजारी मिरज. तिथं तंबोरे गावातच तयार होतात, त्यामुळे बेसूर गाणाऱ्याला दोष वाद्यावर ढकलायचीही सोय नाही. नाटक, गाणं, लग्नातली जिलेबी, मयतातली भाषणं, सगळ्यांची परीक्षणं आम्ही मोफत करतो.

एका कलाप्रकाराकडे मात्र आमच्या टीकाकारांनी साफ दुर्लक्ष केलं आहे. तो म्हणजे एका दिवसाची सहल. वास्तविक तिला संहिता असते, सूत्रधार असतो, तीन अंक असतात आणि शेवटी प्रेक्षक झोपलेले असतात. तरीही तिच्यावर कोणी दोन ओळी लिहिल्या नाहीत. ही उणीव मी आज भरून काढतो.

मी राहतो विश्रामबागेत. सांगली आणि मिरज या दोन गावांच्या मधली ही वस्ती. १९१९ साली सुरू झालेलं विलिंग्डन कॉलेज इथलं, वालचंद इंजिनिअरिंग कॉलेज इथलं, आणि एक चिमुकलं रेल्वे स्टेशनही आमचं स्वतःचं आहे. वस्तीच्या नावात विश्राम आहे आणि बागही आहे. अशा ठिकाणचा माणूस रविवारी पहाटे चारला उठतो, अंधारात आंघोळ करतो आणि विश्रांती व बाग या दोन गोष्टी शोधायला साठ किलोमीटर लांब जातो! परगावच्या पाहुण्याला हे समजावून सांगणं कठीण जातं.

एक मात्र मान्य करायला हवं. सहलीला निघायला आमच्याइतकं मोक्याचं ठाणं शोधून सापडणार नाही. सांगली १९४८ पर्यंत संस्थानची राजधानी होती. आता यात विशेष काय, असं तुम्ही म्हणाल. विशेष असं की आमच्याकडे राजधान्या पसाभर होत्या. मिरज राजधानी. धाकट्या मिरजेची राजधानी बुधगाव. कुरुंदवाड राजधानी. जमखंडी राजधानी. पटवर्धन मंडळींनी वाटण्या अशा मोकळ्या हातानं केल्या की, सायकलला चांगली हवा भरलेली असली तर आमचा माणूस एका दिवसात तीन राजधान्या करून संध्याकाळच्या आरतीला घरी येतो. रोमच्या माणसाला हे सुख नाही. त्याच्या वाट्याला फार तर व्हॅटिकन.

राजधान्या सोडून द्या, देवस्थानं किती! कृष्णा आणि पंचगंगेच्या संगमावर नरसोबाची वाडी, कृष्णेच्याच काठी औदुंबर, तासगावला सात मजली गोपुराचा गणपती, खिद्रापूरला शिलाहारांच्या काळातलं कोपेश्वराचं देऊळ. हरणं पाहायची तर सागरेश्वर आहे, किल्ला पाहायचा तर पन्हाळा, आणि कंबर धडधाकट असेल तर विजापूर. एवढं सामान हाताशी असताना सहल पडते कशी, हा खरा टीकेचा विषय.

पहिला दोष संहितेत आहे. आमच्या सहलींचे सूत्रधार म्हणजे कॉलनीतले एक निवृत्त अधिकारी. नोकरीत असताना त्यांच्या हाताखाली चाळीस माणसं होती. निवृत्तीनंतर ती चाळीस माणसं आम्ही पुरवली. सहलीच्या आठवडाभर आधी त्यांचा कार्यक्रम सगळ्यांच्या मोबाइलवर येऊन आदळतो. सहा वाजता प्रयाण. सात, तासगाव, दर्शन. सव्वाआठ, औदुंबर, दर्शन व नाश्ता. अकरा, खिद्रापूर, पंचवीस मिनिटं. साडेबारा, वाडी, दर्शन व भोजन. चार, पन्हाळा. साडेसहा, कोल्हापूर, अंबाबाई. साडेसात, रंकाळा, भेळ. एवढ्या वेळात आम्ही ही ठिकाणं पाहत नाही, त्यांच्या अंगावरून जातो.

यात बारकाईनं पाहिलं तर एक नियम सापडतो. पाहण्याचा वेळ दुपारपर्यंत आटत जातो आणि खाण्याचा वेळ रात्रीपर्यंत वाढत जातो. वाडीहून परतलेल्या माणसाला विचारा, ‘‘संगम कुठल्या नद्यांचा हो?’’ तो डोकं खाजवील. पण कवठाच्या बर्फीचा भाव आणि बासुंदीच्या दोन दुकानांमधला फरक तो तुम्हाला झोपेतून उठवला तरी सांगेल.

दुसरा दोष पात्रयोजनेत. सहलीत पुरुषांचं होतं ते स्थळदर्शन, आणि बायकांचं होतं ते स्थलांतर. घरातलं स्वयंपाकघर डब्यांत भरायचं, दुसऱ्या गावी न्यायचं, तिथं झाडाखाली मांडायचं, आवरायचं आणि परत आणायचं. पहाटे तीनला उठून दशम्या आणि वांग्याची भाजी केलेली माउली औदुंबरच्या घाटावर उभी असते, पण तिचं लक्ष पैलतीराकडे नसतं, दह्याच्या बरणीचं झाकण घट्ट बसलंय का इकडे असतं. ‘‘काय पाहिलंत?’’ असं तिला रात्री विचारायची कोणाची छाती होत नाही.

पण हे दोष किरकोळ. कडक सूत्रधार मऊ करता येईल, जेवण विकत घेता येईल. खरा दोष प्रयोगाच्या वेळेत आहे.

प्रत्येक जागेची स्वतःची एक वेळ असते. वाडीची वेळ पावसाळ्यात. कृष्णेला पूर आला की पाणी देवळात शिरतं, पादुकांवरून वाहत दक्षिणेच्या दारानं बाहेर पडतं. त्याला दक्षिणद्वार म्हणतात आणि त्या पाण्यात स्नान करायला माणसं धावत येतात. आमची सहल तेव्हा ‘रस्ते खराब’ म्हणून दिवाळीनंतरवर ढकललेली असते. मिरजेच्या मीरासाहेब दर्ग्याची वेळ उरुसातल्या रात्रीची. १९३७ साली गेलेले अब्दुल करीम खाँ तिथं चिरविश्रांती घेताहेत आणि दरवर्षी त्यांच्या आठवणीनं तिथं गवई हजेरी लावतात. आम्ही दर्ग्यात जातो दुपारी बाराला, आणि ‘‘इथं गाणं असतं’’ अशी एकमेकांना माहिती देऊन बाहेर पडतो. विजापूरच्या गोलघुमटात भिंतीशी पुटपुटलेलं पलीकडच्या माणसाला ऐकू येतं, पण त्यासाठी मधल्या माणसांनी गप्प बसावं लागतं. आम्ही चाळीस जण तिथं पोचल्यावर घुमटाची ती कला सिद्ध व्हायची कशी?

आणि खिद्रापूर. बाराव्या शतकातलं देऊळ. पुढं स्वर्गमंडप. अठ्ठेचाळीस खांबांचा हा मंडप मधोमध छताशिवाय सोडलेला आहे. वर तेरा फुटांचं गोल आभाळ आणि बरोबर त्याच्याखाली गोल अखंड शिळा. कार्तिकी पौर्णिमेला मध्यरात्री चंद्र त्या गोलावर येतो, ते पाहायला जाणकार लोक जातात. आमची सहल मध्यरात्री काय करते? ती रंकाळ्याची भेळ पोटात घेऊन घरी घोरत असते. एका दिवसाच्या सहलीला रात्र नसते, हे तिच्या नावातच लिहिलं आहे.

खिद्रापुरात मी या सहलीचा एकदाच यशस्वी प्रयोग पाहिला. त्याचं श्रेय सूत्रधारांना नाही, खिळ्याला आहे. जानेवारीतला रविवार होता. अकराच्या सुमाराला आमची गाडी देवळाशी थांबली ती चाक बसवूनच. स्टेपनी काढली, तर तीही पंक्चर. दोन्ही चाकं रिक्षात घालून ड्रायव्हर गेला आणि पंचवीस मिनिटांचे दोन तास झाले. सूत्रधार शिट्टी हातात घेऊन गाडीभोवती प्रदक्षिणा घालत राहिले. मंडळी चहाच्या टपरीवर जाऊन बसली. पोरं स्वर्गमंडपातल्या शिळेवर उताणी पडून आभाळ बघू लागली.

आमची आत्या बरोबर होती. आत्याचं वय अठ्ठ्याहत्तर, आणि गुडघे तिच्याहून चार वर्षांनी मोठे. कुठल्याही ठिकाणी ती पहिली पायरी चढून बसते आणि ‘‘तुम्ही या जाऊन’’ म्हणते. त्या दिवशीही ती मंडपात एका खांबाला टेकून बसली होती. मी टपरीवरून आलो तशी म्हणाली, ‘‘अरे, इकडे ये. बस जरा. मघाशी ऊन त्या खांबाशी होतं. आता बघ, ह्या खांबाकडे आलंय. इथं कोणीतरी घड्याळ लावून ठेवलंय रे.’’

मी बसलो. वरच्या गोलातून उतरलेला उन्हाचा गोल फरशीवर पडला होता आणि अगदी सावकाश सरकत होता. उन्ह नुसतं पाहिलं तर हलत नव्हतं. फरशीतल्या एका चिरेवर नजर ठेवली की हलत होतं. तेवढ्यात शिळेवरचं एक पोरगं ओरडलं, ‘‘घार!’’ वर एक घार त्या गोलात एका बाजूनं शिरली, घिरटी घेऊन दुसऱ्या बाजूनं गेली, आणि पुन्हा आली. पोरांनी ‘आली’ आणि ‘गेली’ असा खेळ लावला. बायकांचे डबे गाडीत कुलूपबंद होते, त्यामुळे त्यांनाही काही काम उरलं नव्हतं. त्या एकेक करून आत्याच्या आजूबाजूला येऊन टेकल्या. कोणी खांबावरची नक्षी बोटानं गिरवत बसली, कोणी बाहेर जाऊन देवळाच्या पायाशी ओळीनं उभे असलेले दगडी हत्ती पाहून आली.

एक वाजता गाडी दुरुस्त झाली. सूत्रधार आत आले आणि म्हणाले, ‘‘दोन तास फुकट गेले! आता पन्हाळा रद्द.’’ कोणीही हळहळलं नाही. त्या सहलीबद्दल आज कॉलनीत विचारलं तर तासगाव, औदुंबर कोणाला नीट सांगता येत नाही. खिद्रापूर मात्र सगळ्यांनी पाहिलेलं आहे.

हा रोग आमच्यापुरताच आहे असं कोणी समजू नये. शेजारचे एक गृहस्थ नुकतेच युरोप करून आले. रोमहून निघून एका दिवसात पाँपेई पाहून पुन्हा रोम, असा त्यांचा कार्यक्रम होता. जाऊन-येऊन पावणेपाचशे किलोमीटर. इसवी सन ७९ मध्ये राखेखाली गेलेलं हे गाव, १७४८ साली उकरायला सुरुवात होईपर्यंत, साडेसोळाशेहून जास्त वर्षं तसंच थांबलं होतं. इतकी वर्षं थांबलेल्या गावासाठी पाहुण्यांना थांबायला मिळाले दोन तास, त्यातला अर्धा तास स्वच्छतागृहाच्या रांगेत. ‘‘कसं होतं?’’ म्हणून मी विचारलं. म्हणाले, ‘‘फार चालावं लागतं हो!’’ पृथ्वीच्या पाठीवर कुठंही जा, सूत्रधाराची शिट्टी एकच.

यावर सूत्रधारांची बाजूही ऐकायला हवी, नाहीतर टीका एकांगी होईल. ते म्हणतात, ‘‘तुमचं ठीक आहे. तुम्हाला वेळ आहे. पण दुकानात काम करणाऱ्या माणसाला, दोन शाळांच्या शिकवण्या करणाऱ्या बाईला, वर्षातून एक रविवार मोकळा मिळतो. गाडीचं भाडं चाळीस जणांत वाटलं की परवडतं. त्यांनी त्या एका दिवसात सात ठिकाणं पाहिली तर तुमचं काय बिघडलं?’’ मुद्दा जोरदार आहे. मी त्यावर बरेच दिवस विचार केला आणि मला त्याचं उत्तर त्याच्यातच सापडलं. ज्याला वर्षात एकच रविवार मिळतो, त्याचा तो रविवार सात तुकडे करून उडवायला आपल्याला लाज वाटायला हवी. बारा महिने धावणाऱ्या माणसाला तेराव्यांदा पळवायचं आणि त्याला करमणूक म्हणायचं? त्याला कुठंतरी दोन तास बसू द्या. त्याच्या बायकोलाही बसू द्या. दशम्या राहू देत, वाडीत जेवायला मिळतं.

तेव्हा परीक्षणाच्या शेवटी, शिरस्त्याप्रमाणे, सूचना. संहितेतली सहा ठिकाणं कापावीत आणि एक ठेवावं. ते निवडताना आधी त्याची वेळ विचारावी आणि मग गाडीवाल्याची. घड्याळ सूत्रधारांनी घरी ठेवावं, शिट्टीही. आणि ज्यांना एवढंही जमणार नाही त्यांनी हरिपूरला जावं. सांगलीच्या इतक्या जवळ आहे की आमचे लोक त्याला सहल म्हणायला तयार नाहीत. जिथं प्रवासात कोणाला उलटी होत नाही ते पर्यटनस्थळ नव्हे, असा आमच्याकडे समज आहे. पण ‘शारदा’ लिहिणाऱ्या गोविंद बल्लाळ देवलांचं हे गाव. हळद साठवायची जमिनीतली पेवं इथलीच, २००५ च्या महापुरात त्यांतली कितीतरी गेली. संगमेश्वराच्या देवळापाशी वारणा येऊन कृष्णेला मिळते. संध्याकाळी पाचला तिथं बसावं. दोन नद्या एक व्हायला किती वेळ घेतात ते पाहावं. भाडं नाही, तिकीट नाही, पंक्चर झालंच तर चालत घरी.

माझं हे परीक्षण सूत्रधारांना वाचून दाखवलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, ‘‘छान आहे. पुढच्या महिन्यात विजापूर ठरलंय. अकरा ठिकाणं. नाव घालू का?’’

आतल्या खोलीतून आत्या म्हणाली, ‘‘माझं घाला. पण तिथं टेकायला खांब आहेत का, तेवढं आधी विचारा.’’