पाण्यात टांगलेले गोळे आणि चिखलातली कवचं

आज एका गाजलेल्या प्रयोगाबद्दल बोलायचं आहे. प्रयोग उत्तमच आहे. पण आपण त्याच्याकडून जरा जास्तच वदवून घेतलं, असं माझं म्हणणं आहे.

फोरॅमिनिफेरा हे समुद्रातले एकपेशीय जीव. त्यांची कॅल्शियम कार्बोनेटची कवचं वाळूच्या कणाएवढी. जीव मेला की कवच तळाशी जातं. तिथे ते टिकतं की विरघळतं? एम. एन. ए. पीटरसन यांनी मध्य पॅसिफिकमध्ये वेगवेगळ्या खोलीवर कॅल्साइटचे गोळे टांगले, काही महिन्यांनी काढून पुन्हा वजन केलं. १९६६ साली निष्कर्ष आले. सुमारे ३,७०० मीटरपर्यंत झीज किरकोळ, त्याखाली एकदम वाढलेली. डब्ल्यू. एच. बर्गर यांनी अशीच खरी कवचंही टांगून पाहिली आणि या सीमेला पुढे 'लायसोक्लाइन' हे नाव दिलं.

यातून पाठ्यपुस्तकातलं चित्र तयार झालं: डोंगरावर जशी हिमरेषा, तशी समुद्रात ही रेषा. वर कवचं शाबूत, खाली विरघळायला सुरुवात. ढोबळमानानं ते बरोबरच आहे. दाब वाढला की कॅल्साइट जास्त विरघळतं. पॅसिफिकचं खोल पाणी जुनं, त्यात कुजण्यातून आलेला कार्बन डायऑक्साइड जास्त. म्हणून तिथे कवचं अटलांटिकपेक्षा कमी खोलीवरच नाहीशी होतात.

पण बघा, गोळे टांगले होते वाहत्या पाण्यात. कवचं पडतात चिखलात. आणि चिखलात ती एकटी नसतात, सोबत मेलेल्या जीवांचे सेंद्रिय अवशेषही असतात. ते कुजताना गाळाच्या कणांमधल्या पाण्यात कार्बन डायऑक्साइड सोडतात. ते पाणी आम्लधर्मी होतं आणि शेजारचं कवच खातं. इमर्सन आणि बेंडर यांनी १९८१ साली हाच मुद्दा मांडला: वरचं पाणी कवचाला निर्धोक असलं, तरी गाळाच्या आत कवच विरघळू शकतं. म्हणजे रेषेच्या वरही धोका आहेच. टांगलेल्या गोळ्याला हे दिसणं शक्यच नव्हतं.

आता तुम्ही म्हणाल, थोडी कवचं गेली तर बिघडलं काय? बिघडतं, कारण ती सरसकट जात नाहीत. उष्ण पाण्यातल्या ग्लोबिजेरिनॉइडीस रुबरसारख्या पातळ कवचाच्या जाती आधी जातात, जाड कवचाच्या मागे उरतात. उरलेल्यांवरून जुन्या समुद्राचं तापमान काढलं, तर समुद्र होता त्यापेक्षा थंड भासतो. कवचातल्या मॅग्नेशियमवरून तापमान काढलं तरी तीच गत: मॅग्नेशियम जास्त असलेला भाग आधी विरघळतो.

यावर उपाय आहेत. तुटलेल्या कवचांचं प्रमाण मोजतात, एकाच आकाराच्या कवचांचं वजन करतात. मात्र वजनाचा पुरावाही निखळ नाही. कवच मुळातच पातळ घडलेलं असू शकतं, कारण त्याची जाडी ज्या पाण्यात ते वाढलं त्यावरही अवलंबून असते.

तेव्हा प्राचीन हवामानाचा आलेख समोर आला की नमुन्याची खोली विचाराच, पण तेवढ्यावर थांबू नका. त्या गाळात सेंद्रिय पदार्थ किती पडत होते? तुटलेली कवचं मोजली होती का? ही उत्तरं नसतील, तर 'नमुना रेषेच्या वरचा आहे' एवढ्यावर भरवसा ठेवू नये.